कानमिस्त्रींच्या घरची टाकी

शनिवारी सकाळी दहाला कानमिस्त्री पत्ते खेळायला घराबाहेर पडले, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी त्यांच्या सुनेने मोटारीचं बटण बंद केलं.

दोन मिनिटं गेली ती सासूबाईंमुळे. त्या फाटकापर्यंत गेल्या, नवरा कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या आणि परत येऊन सुनेच्या कानाशी कुजबुजल्या, "गेले."

"आई, कुजबुजताय कशाला? ते गेले ना?"

"सवय गं."

आता बघा. ज्या माणसाला आठ महिने धड ऐकू येत नाही, त्याच्याच घरात सगळे दबक्या आवाजात बोलायचे. हे सगळं कानमिस्त्रींसाठी चाललं होतं. आपले कान गेले हे त्यांना कळू नये, एवढाच घरातल्या सगळ्यांचा उद्योग होऊन बसला होता. फोन वाजला की नातीने त्यांच्या समोर जाऊन "अय्या, फोन" म्हणायचं. दार वाजलं की कुणीतरी त्यांच्या डोळ्यांसमोरून दाराकडे जायचं. सासूबाई तर प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लागल्या होत्या, एकदा बोलल्यासारखं आणि एकदा स्वतःशी पुटपुटल्यासारखं, पण दोन्ही वेळा तोंड नवऱ्याकडे. आणि कानमिस्त्री मान डोलवायचे. त्यांना किती कळत होतं, देव जाणे.

दुसऱ्या कुणाचे कान गेले असते तर एवढं नाटक करावं लागलं नसतं. पण हे कान म्हणजे घराची भाकरी होती. वस्तीत जवळजवळ प्रत्येक घराला विहीर, विहिरीत मोटार आणि घराच्या मागच्या खोलीत दाबाची टाकी. टाकीत एक रबरी फुगा असतो. फुग्यात पाणी, फुग्याभोवती दाबून भरलेली हवा. ती हवा पाण्याला ढकलत राहते, म्हणून नळ सोडला की मोटारीला लगेच धावावं लागत नाही. फुगा फाटला की हवेच्या जागेत पाणी शिरतं, आणि मग साधा पेला विसळायचा म्हटलं तरी मोटार चालू-बंद, चालू-बंद. महिनोन्‌महिने असं चाललं की मोटार जळते. कानमिस्त्री यायचे, बोटाच्या पेराने टाकीवर वरपासून खालपर्यंत टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, "फुगा गेला," नाहीतर "नुसती हवा कमी आहे, टाकी ठणठणीत." चाळीस वर्षं त्यांच्या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं.

आणि आता त्यांच्याच घरची टाकी गेली होती. नळ सोडला की दर अकरा सेकंदांनी भिंतीवरचं स्विच खट्ट करायचं. अकरा सेकंद सुनेने मोजले होते, आंघोळ करता करता, साबण डोळ्यांत जात असताना. सांगणार कोण? "बाबा, तुमची टाकी गेलीय" म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, मला कसं नाही ऐकू आलं. तिथे सगळ्यांची दातखीळ बसायची. नवरा भूगोलाचा मास्तर. जगातल्या नद्या त्याला पाठ, पण घरातला नळ ठिबकला तर हाक बायकोला. तो म्हणाला, "तू बघ. तुझं खातं आहे."

खातं तिचंच होतं. लग्न होऊन आली तेव्हा ती सासऱ्यांच्या मागे पिशवी धरून जायची, नंतर पाना धरायला लागली, आणि आता बारा वर्षांनी वस्तीत निम्मी माणसं तिलाच बोलवत. हाताला काम होतं आणि तोंडाला धार होती. गिऱ्हाइकाच्या तोंडावर "ही मोटार तुम्ही मारलीत, मी नाही" म्हणायला ती कमी करायची नाही. फक्त सासऱ्यांपुढे तिची जीभ टाळूला चिकटायची. कारण तिला एकच धास्ती होती. कान गेले हे बाबांना कळलं की ते पाना खाली ठेवतील, आणि पाना खाली ठेवलेले बाबा तिला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. म्हणून गेल्या काही महिन्यांत तीन ठिकाणी ती त्यांच्या मागून गुपचूप जाऊन काम निस्तरून आली होती. घरची टाकी मात्र राहिली होती, आणि गेल्या आठवड्यात मोटारीचा फ्यूज दोनदा उडाला. आता थांबणं म्हणजे चौदा वर्षांच्या मोटारीवर माती टाकणं.

तर तिने बेत केला. साधासुधा नाही. नवी टाकी निळी होती, जुनी हिरवी. तिने त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मागे बसून नव्या टाकीला हिरवा रंग दिला, दोन हात. मग वाटलं, फारच नवी दिसतेय; म्हणून बुडाशी तपकिरी रंगाने थोडा गंजही काढला. सासूबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "इथे एक पोचा होता बघ, शिडी पडली होती तेव्हाचा." पोचा तेवढा तिने पाडला नाही. वेडेपणालाही काही मर्यादा असते.

आता कामाला लागली ती झपाट्याने. खालचा नळ सोडून पाणी काढून टाकलं, दाबाचा काटा शून्यावर आला. दोन पाने घेतले, एकाने पाईप धरला, दुसऱ्याने जोड फिरवला; चौदा वर्षांचा जोड, पण दुसऱ्या झटक्यात सुटला. जुन्या टाकीच्या डोक्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह तिने नखाने दाबला, तर हवेऐवजी पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. "बघा आई," ती म्हणाली, "आत हवेचं नाव नाही." पाण्याने भरलेली टाकी म्हणजे मेलेल्या म्हशीचं वजन. तिने ती आडवी केली, पोत्यावर घेतली, आणि दोघींनी मिळून ओढत मागच्या पडवीत नेऊन वर चादर टाकली.

नवी टाकी जागेवर बसली. आट्यांवर पांढरी टेप, आठ वेढे, जोड आधी हाताने आणि मग पान्याने. राहिली हवा. हवा मोजल्याशिवाय टाकी जोडायची नाही, हा कानमिस्त्रींचा पहिला धडा. त्यांच्या घरची मोटार तीस पौंडाला चालू व्हायची आणि पन्नासला बंद. म्हणजे टाकीत हवा अठ्ठावीस हवी, दोन कमी. पण व्हॉल्व्हचं टोपण रंगाने असं चिकटलं होतं की फिरेना. जोर लावला असता तर रंगाची खपली निघाली असती, आणि तिथेच खालचं निळं दिसलं असतं. ती क्षणभर थांबली. या मापाच्या टाक्या कारखान्यातून अठ्ठावीस भरूनच येतात, एवढ्या बसवल्या त्या काय उगाच? टाकीवर आकड्याचा कागद चिकटवलेला असतो, तो वाचला की झालं. पण तो कागदही तिच्याच हिरव्या रंगाखाली गेला होता.

"असू दे," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

काटा चढला. वीस, तीस, चाळीस. पन्नासला स्विच एकदाच खट्ट वाजलं आणि गप्प झालं. तिने मागच्या अंगणातला नळ सोडला. पाणी मनगटाएवढं जाड, आणि मोटार चूप. वीस सेकंद, तीस सेकंद, चाळीस. आठ महिन्यांनी त्या घरात पाणी वाहत होतं आणि खटखट नव्हती. तिला इतकं बरं वाटलं की तिने उगाच दोन्ही हात कोपरांपर्यंत धुतले.

तेवढ्यात फाटकापाशी सासूबाईंचा आवाज आला, एरवीपेक्षा दुप्पट मोठा. तिने झटकन नळ बंद केला.

ठरलं असं होतं, की कानमिस्त्री लवकर आले तर सासूबाईंनी त्यांना दोऱ्याचं रीळ आणायला परत पाठवायचं. ते आले लवकर; घड्याळवाल्याची दाढ ठणकत होती म्हणून पत्त्यांचा डाव मोडला. सासूबाईंनी रिळाचं सांगितलं. दोनदा सांगितलं. पण त्या पडल्या पाठीमागे, आणि कानमिस्त्री ढिम्म न ऐकता सरळ आत आले. एवढा विचार करून रचलेला बेत, आणि ज्या कारणासाठी रचला त्याच कारणाने मोडला.

"पाणी?" सुनेकडे बघून कानमिस्त्री म्हणाले. "हात धुतो."

ते मागच्या नळावर गेले. हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं. ती खोलीच्या दारात उभी, चेहऱ्यावर काही झालंच नाही असा भाव. नळ वाहत होता. आणि मग धार तुटली. अर्धा सेकंद नळ कोरडा पडला, एक उचकी दिली, आणि पुन्हा धो धो सुरू झाला.

कानमिस्त्रींनी पाईपवर तळहात ठेवला आणि नळ चालूच ठेवला. मोटार पन्नासला थांबली, पाणी वाहत राहिलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा धार तुटली. त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसत खोलीत आले. टाकीपुढे उभे राहिले. एक बोट टाकीवरून फिरवलं. खाचेतला रंग अजून ओला होता, बोट हिरवं झालं. मग वाकून बुडाचा गंज पाहिला.

"हा छान काढलायस," ते म्हणाले. "हवा किती?"

"अठ्ठावीस."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "मोजलीस?"

तिने रंगाने चिकटलेल्या टोपणाकडे पाहिलं.

"पाणी काढ टाकीतलं. रिकाम्या टाकीची हवा मोजतात."

जणू बारा वर्षं मागे गेली असावी तशी ती बटण बंद करून खाली बसली आणि नळ सोडला. त्यांनी खिशातला चाकू काढून टोपणाभोवतीचा रंग खरवडला, टोपण फिरवलं आणि टायरवाल्याकडचा असतो तसला मीटर लावला. अडतीस. मग नखाने कागदावरचा रंगही खरवडला. त्यावरही अडतीस, चांगल्या मोठ्या आकड्यात.

"दहा पौंड जास्त. टाकी अडतीसलाच रिकामी होते, आणि मोटार तीसला लागते. मधल्या वेळात नळाने काय करायचं?"

"चुकलं," ती म्हणाली. मग बांध फुटल्यासारखं म्हणाली, "बाबा, मी ती रंगवली कारण..."

"कारण जुनी आठ महिने मेली होती. दर अकरा सेकंदाला ठोका."

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली.

"माझा पलंग या स्विचच्या भिंतीला पलीकडून टेकलाय," कानमिस्त्री म्हणाले. "तुम्ही सगळे सकाळी आंघोळीला लागता तेव्हा मी पडलेला असतो. कान गेले, पाठ नाही गेली. रोज म्हणायचो, आज सांगेल. बेकरीवाला मला भेटला. म्हणाला, तुम्ही टाकी चांगली आहे म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी सूनबाई येऊन बदलून गेली, बरं झालं पाठवलंत. मी म्हणालो, हो, मीच पाठवली. त्या दिवसापासून टकटक बंद केली मी. हात ठेवतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी का बोलू? गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतेस, तुमची मोटार तुम्ही मारलीत. मला सांगायला तुला रंगाचा डबा लागला."

तिचे डोळे भरून आले आणि रागही आला, स्वतःचा आणि त्यांचाही. "तुम्ही काम सोडाल म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली.

"सोडणारच होतो. पहिल्या तारखेपासून. कानांमुळे नाही." ते खाली, तिच्या शेजारी फरशीवर बसले. "ज्या मिस्त्रीला त्याची चूक त्याच्या घरचेच सांगत नाहीत, त्याने पान्याला हात लावू नये. तो मग लोकांच्या मोटारी मारत सुटतो आणि सगळे त्याला नमस्कार करतात. मला तसलं म्हातारपण नको."

हे माणूस घरात होतं, समोर होतं, आणि आठ महिने एकटं होतं. तिनेच त्यांना एकटं पाडलं होतं, ते जपायच्या नावाखाली.

"आता सांग," ते म्हणाले. "कुठे कुठे चुकलो?"

"बेकरी," ती म्हणाली.

"मोठ्याने."

"बेकरी," ती ओरडली. "फुगा फाटला होता आणि तुम्ही ठीक म्हणालात."

"मान्य. पुढे?"

"दवाखान्यामागच्या मास्तरीणबाई. तुम्ही फुगा गेला म्हणालात, पण टाकी ठीक होती. स्विच खराब होतं."

"अरेरे. तेही मान्य. तिसरं?"

"लाँड्रीवाल्या मावशी. तुम्ही म्हणालात, हवेच्या व्हॉल्व्हची पिन गळतेय, पिन बदल आणि हवा भर. मी दुसऱ्या दिवशी टाकीच बदलली."

कानमिस्त्री ताठ बसले. "ते मी चुकलो नव्हतो."

"बाबा, मोटार तिथेही खटखटत होती."

"हवा गेली की खटखटणारच. फुगा गेला तरी खटखटणार, हवा गेली तरी. तू व्हॉल्व्ह दाबून पाहिलास? पाणी आलं?"

"दाबून कशाला बघायचा? बेकरीला तुम्ही चुकला होता, मास्तरीणबाईंकडे चुकला होता..."

"म्हणून तिथेही चुकलो असणार."

"हो," ती ओरडली.

सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, हातात झारा तसाच. बारा वर्षांत सून सासऱ्यांवर ओरडल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. बघतात तर दोघं ओल्या फरशीवर बसून हातवारे करून भांडताहेत, आणि नवऱ्याचा चेहरा गेल्या आठ महिन्यांत नव्हता इतका तरतरीत.

"ती टाकी कुठाय?" कानमिस्त्रींनी विचारलं.

"दुकानात. मागच्या कोपऱ्यात."

"ऊठ."

"आधी ही तर संपवा," सासूबाई म्हणाल्या, एकदाच, पण चांगल्या खणखणीत. घरात पाणी हवं होतं त्यांना.

मग दोघांनी ती संपवली. व्हॉल्व्हमधून दहा पौंड हवा सोडली. ती आवाजावर अंदाज घेत होती, ते बोट धरून, आणि दोघांनी एकाच वेळी "बस" म्हटलं. मीटर अठ्ठावीस. बटण दाबलं, नळ सोडला, मोटार चालू होताना धार जराही हलली नाही.

दुकान पाच मिनिटांवर. वाटेत ती मोठ्याने बोलत होती आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. भांडण नेमकं कशाचं ते कुणाला कळेना. लाँड्रीवाल्या मावशी आपल्या दारातच इस्त्री करत होत्या, त्याही बघायला मागे आल्या.

लाँड्रीची जुनी टाकी कोपऱ्यात उभी होती, काढल्या दिवसापासून कुणी हात न लावलेली. तिने सायकलच्या पंपाने हवा भरली, चाळीस दट्टे, घामाघूम होईपर्यंत. मग वाटीत साबणाचं पाणी केलं आणि व्हॉल्व्हवर ओतलं. पिनच्या तोंडाशी एक बारीक बुडबुडा आला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. तिने पिन बदलली, पुन्हा हवा भरली, पुन्हा साबण. बुडबुडा नाही. तिने नखाने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स करून कोरडी हवा आली, पाण्याचा टिपूसही नाही. फुगा शाबूत होता. दहा मिनिटांनी मीटर लावला, काटा जागचा हलला नव्हता.

म्हणजे चांगली टाकी तिने काढून टाकली होती, न तपासता, कारण ती ठीक आहे असं सांगणारा माणूस बहिरा होता.

कानमिस्त्री टाकीवर तळहात ठेवून उभे होते, तिच्याकडे बघत.

"बाबा," ती म्हणाली, "चुकले मी."

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. नजर थेट तिच्या ओठांवर होती. त्यांना बरोबर कळलं होतं.

तिने मावशींकडे पाहिलं, रस्त्यावर थांबलेल्या दोघा-तिघांकडे पाहिलं, श्वास घेतला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली.